सरकार एआय आणि चिपच्या गोष्टी करतं, मग सत्तरीतली माणसं अजून मजुरीला का जातात?

तुम्ही लिहिलंय की दिवाळीत गावी गेलात तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या बायका कापूस वेचताना दिसल्या, आणि त्याच दिवशी फोनवर देश एआयमध्ये कुठल्या कुठे चालल्याची बातमी आली. या घोषणांवर विश्वास ठेवायचा का, आणि म्हातारी माणसं आवडीनं, सवयीनं काम करतात हे खरं का, असं तुमचं विचारणं आहे.

मी जळगाव जिल्ह्यात अमळनेर तालुक्यातल्या एका गावात सेवा केंद्र चालवतो. दाखले, ई-केवायसी, पीकविमा, अंगठा लावून बँकेचे पैसे काढून देणं, हे माझं रोजचं काम. माझं पोटच सरकारच्या डिजिटल कारभारावर चालतं, म्हणून संगणकाला विरोध करणाऱ्यांतला मी नाही. पण सरकारचं तंत्रज्ञान जिथे माणसाला लागतं त्या टेबलाशी मी रोज बसतो, आणि तिथून जे दिसतं ते सांगतो.

परवाचीच गोष्ट. गावातल्या एक आक्का आल्या. कार्डावर वय 74. श्रावणबाळ योजनेचे, म्हणजे सरकारच्या म्हातारपणाच्या पेन्शनचे, पैसे काढायचे होते. मी मशीन पुढे केलं, त्यांनी अंगठा ठेवला, मशीननं नाही म्हटलं. दुसरा अंगठा, नाही. मग हात साबणानं धुवून घेतले, पुसले, खोबरेल तेलाचं बोट फिरवलं, एकेक करून दहाही बोटं लावून पाहिली. एकही जुळलं नाही. त्यांची बोटं मी हातात धरून पाहिली. पेरांवरच्या रेषा जवळजवळ गेल्यात. वाळलेल्या बोंडाच्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी असतात, कापूस ओढताना ती बोटांत घुसतात, आणि या बाईनं पन्नास-पंचावन्न हंगाम वेचणी केली आहे. बोटांवर काळ्या चिरा होत्या आणि त्यात मातीही बसलेली. त्या म्हणाल्या, "भाऊ, मी जित्ती शे ना तुनासमोर, मंग मशीनले काय व्हयनं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

रक्कम 1,500 रुपयांची होती. त्यासाठी त्यांचे वेचणीचे तीन दिवस गेले. पहिल्या दिवशी माझ्याकडे, दुसऱ्या दिवशी बँकेत, तिसऱ्या दिवशी पुन्हा बँकेत, कारण दुसऱ्या दिवशी सर्व्हर बंद होता. आमच्याकडे यंदा वेचणी किलोला दहा रुपये आहे. तरणी बाई दिवसाला चाळीस-पन्नास किलो काढते, आक्कांची झोळी वीस किलोच्या वर जात नाही. म्हणजे रोजचे दोनशे. तीन दिवसांचे सहाशे बुडाले, तेव्हा कुठे दीड हजार हाती आले.

आता हे दीड हजार कसे बनतात ते पाहा, म्हणजे त्या अजून शेतात का जातात हे कळेल. केंद्राची वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना 1995 साली सुरू झाली तेव्हा महिना 75 रुपये होते. 2006 मध्ये ते 200 झाले. साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसासाठी केंद्राचा वाटा आजही तेच 200 आहे. ऐंशी पूर्ण झाल्यावर 500. बाकीची भर राज्य घालतं, म्हणून महाराष्ट्रात 2023 पासून एकूण 1,500 मिळतात. राज्यानं निदान वाढवले, हे मान्य करायला हवं. पण 2006 साली किराणा काय भावानं यायचा आणि आज काय भावानं येतो हे कुठल्याही घरात विचारा.

आणि अट काय, तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत. बारानं भागा, महिन्याला 1,750. आक्का वेचणीला, निंदणीला जाऊन जे कमावतात ते खरं खरं सांगितलं तर त्या अपात्र ठरतील. काम केल्याशिवाय 1,500 त भागत नाही आणि काम केलेलं सांगितलं तर 1,500 जातात. तहसीलच्या दारात उभ्या असलेल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला हे कळतं आणि प्रत्येक जण गप्प बसतो. या वयात माणसाला खोटं सांगायला लावणारा नियम मला सहन होत नाही.

आता दुसरी बाजू. भारत सेमीकंडक्टर मिशनसाठी, म्हणजे देशात चिप बनवायला, डिसेंबर 2021 मध्ये 76,000 कोटी मंजूर झाले. इंडिया एआय मिशनसाठी मार्च 2024 मध्ये पाच वर्षांकरता 10,372 कोटी. आपल्या राज्यानं 2025 मध्ये शेतीसाठी एआय धोरण आणलं, पहिल्या तीन वर्षांसाठी 500 कोटी. म्हातारे, विधवा आणि दिव्यांग या सगळ्यांची पेन्शन ज्यातून येते त्या केंद्राच्या राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रमाला 2024-25 मध्ये 9,652 कोटी होते. 2025-26 मध्येही 9,652 कोटीच. एक रुपया इकडे तिकडे नाही. चिपचा कारखाना आणि म्हाताऱ्याची पेन्शन यांची तुलना कशाला, असं कोणी म्हणेल. कारखाना होऊ द्या, माझी ना नाही. माझी तक्रार एवढीच आहे की एका कामाला दरवर्षी नवं नाव, नवा निधी, नवं उद्घाटन मिळतं, आणि दुसऱ्या कामातला 200 चा आकडा एकोणीस-वीस वर्षं कोणाला हलवावासा वाटत नाही. ग्रामविकासाच्या संसदीय समितीनं ही रक्कम वाढवा म्हणून अनेकदा सांगून झालंय.

आमच्या खान्देशाला तंत्रज्ञानाच्या घोषणा नव्या नाहीत. देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं ते नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीला, 29 सप्टेंबर 2010 रोजी. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी स्वतः आले होते. तेव्हा मी कॉलेजात होतो आणि मला खरंच अभिमान वाटला होता. आपल्या आदिवासी पट्ट्यापासून सुरुवात, म्हणजे शेवटच्या माणसाचा आधी विचार, असं वाटलं होतं. आज त्याच आधारच्या मशीनपुढे म्हातारी माणसं हात पुसत उभी राहतात तेव्हा तो दिवस आठवतो.

अमळनेरचंही एक सांगतो. विप्रोची सुरुवात आमच्या या तालुक्याच्या गावची. 1945 साली इथे शेंगदाण्याच्या तेलापासून वनस्पती तूप करायचा कारखाना निघाला, आणि त्याच कंपनीनं पुढे संगणकात नाव काढलं. इथे भुईमूग पिकत होता, म्हणून कारखाना आला. त्यातून गावाला रोजगार मिळाला, ज्यांनी शेअर्स धरून ठेवले त्यांची घरं झाली. तंत्रज्ञान मोठं व्हायला हाताशी असलेल्या मालापासून आणि माणसांपासून सुरुवात करावी लागते, हे आम्ही आमच्याच गावात पाहिलंय. म्हणून एआयनं कापसावरची बोंडअळी ओळखता येईल असं कोणी सांगितलं की मी आधी विचारतो, थ्री फेज लाईट दिवसा कधी येणार? कारण रात्रीचं फीडर असलं, म्हणजे शेतीची वीज रात्रीच येत असली, की पाणी भरायला जाणारा बऱ्याचदा साठीच्या पुढचाच असतो. पोरं सुरतला उधना, लिंबायतला, नाहीतर पुण्या-नाशिकच्या कंपन्यांत. मागे राहिलेला बाप बॅटरी घेऊन बारा वाजता मोटार चालू करायला जातो. सापाचं भय, थंडीचं भय, बोअरला झटका बसायचं भय. सौरपंप आल्यावर काही शेतांत हे थांबलं, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलं. असलं तंत्रज्ञान कोणीही डोक्यावर घेईल.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. आवडीनं काम करतात का? काही करतात. माझे वडील 76 चे आहेत, आमची चार एकर आहे, रोज सकाळी शेतात चक्कर मारल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. त्यांना कोणी थांबवू नये. पण ताप आला तर ते घरी झोपतात. आक्का ताप असला तरी जातात, गोळी खाऊन. मी एकदा म्हटलं, आता बस करा. त्या म्हणाल्या, "घर बसीसन काय खाऊ, भाऊ?" वडिलांचं काम आणि आक्कांचं काम यात जो फरक आहे तो शहरातल्या लोकांना एकाच फोटोत दिसत नाही. डोक्यावर पदर, चेहऱ्यावर सुरकुत्या, हातात कापूस, आणि खाली लिहिलेलं असतं 'या वयातही कष्टाची ऊर्मी'. असे फोटो मला बघवत नाहीत.

आणि ही काही आमच्या गावापुरती गोष्ट नाही. 2011 च्या जनगणनेत ग्रामीण भागातले साठीवरचे 66 टक्के पुरुष आणि 28 टक्के बायका काम करणाऱ्यांत मोजल्या गेल्या होत्या. बायकांचा आकडा मला कमीच वाटतो, कारण घरच्या शेतात निंदणाऱ्या म्हातारीला विचारलं तर ती स्वतःच सांगते, मी काही करत नाही.

पेन्शनच्या नव्या योजना आल्या ना, असं कोणी म्हणेल. आल्या. 2015 ची अटल पेन्शन, 2019 ची श्रमयोगी मानधन. दोन्हींत शिरायचं वय 18 ते 40, हप्ते भरायचे, साठीनंतर मिळणार. जो आज पासष्ट वर्षांचा सालदार, म्हणजे वर्षाच्या करारावरचा शेतगडी आहे, ज्यानं उभं आयुष्य आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नवा मालक आणि नवा करार केला, त्याच्यासाठी यात काय आहे? लाडकी बहीण आहे, तर ती 21 ते 65. गावातल्या एका मावशींचे 65 पूर्ण झाले, तिथले पैसे थांबले आणि श्रावणबाळचा अर्ज मंजूर व्हायला सात महिने गेले. तेवढे महिने त्या कांदे कापणीला गेल्या. एका योजनेतून बाहेर पडणाऱ्या बाईचं नाव, वय, आधार, खातं सगळं सरकारकडे आहे. दुसऱ्या योजनेत तिला आपोआप घालायला कुठला एआय लागतो? साधा जुना संगणकसुद्धा हे करेल. सरकारच्या तंत्रज्ञानावर माझा विश्वास डळमळतो तो नेमका इथे. माणसाला गाळायचं असलं की सगळे डेटाबेस एका दिवसात जुळतात. त्याच माणसाला काही द्यायचं असलं की त्यानं झेरॉक्स घेऊन यायचं.

कारखान्यांतून निवृत्त झालेल्यांचं थोडक्यात सांगतो. ईपीएस 95 ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीतल्या कामगारांच्या पेन्शन योजनेची, किमान पेन्शन सप्टेंबर 2014 पासून 1,000 रुपये आहे. आमच्याकडचे एक जिभाऊ सूतगिरणीत बत्तीस वर्षं होते. आता वय 71, रात्री एका जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यावर, राखणीला बसतात. पेन्शन अकराशे आणि काही.

माझ्याकडे एक वही आहे. ज्यांची बोटं जुळत नाहीत त्यांची नावं त्यात लिहितो. सध्या अकरा आहेत. त्यातल्या चौघांचं काम चेहरा दाखवून होतं, आणि ज्या दिवशी होतं त्या दिवशी मलाच सणासारखं वाटतं. बाकीच्यांचं होत नाही. कोणाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, कोणाचा कार्डावरचा फोटो पंधरा वर्षांपूर्वीचा आहे, कोणाचा आधारला जोडलेला मोबाईल नंबर सुरतला गेलेल्या नातवाचा, आणि त्यानं तो केव्हाच बंद केलाय. पडताळणी जमली नाही म्हणून गरजूचा लाभ थांबू नये, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयापुढे 2018 मध्ये आधारचा निकाल लागला तेव्हाच मान्य झालेली आहे. पण माझ्यापुढच्या मशीनला निकाल वाचता येत नाही, आणि खिडकीमागचा माणूस म्हणतो, सिस्टिम पुढे जाऊ देत नाही.

म्हणून घोषणांवर माझा विश्वास नाही. चिप बनेलही, एआयही येईल. ते आक्कांपर्यंत पोचायच्या आत त्यांची सत्तरी सरून जाईल, एवढंच मला माझ्या टेबलावरून दिसतं.

तुम्ही पुन्हा गावी जाल तेव्हा त्या बायकांसाठी एक काम नक्की करता येईल. त्यांचं पासबुक भरून आणा आणि आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते आधी तपासा. थेट खात्यात येणारे पैसे आधार शेवटी ज्या खात्याला जोडलं गेलं तिकडे जातात. एका आजींचे आठ महिन्यांचे पैसे असेच त्या विसरून गेलेल्या जनधन खात्यात पडून होते, आणि त्या रोज मला विचारायच्या, "पैसा उनात का भाऊ?" म्हणजे पैसे आले का. मोबाईल नंबर घरातल्या चालू असलेल्या फोनचा टाकून घ्या. आधार केंद्रात बोटांचे ठसे आणि फोटो नव्यानं घेतात, तेही करून घ्या. बँकेत जाताना तुम्ही स्वतः सोबत जा, शिकलेला माणूस सोबत असला की सर्व्हर लवकर चालू होतो. आणि त्या दिवशी त्यांची वेचणी नसेल असं बघा. असेल तर तेवढे दोनशे रुपये तुम्ही त्यांच्या हातात ठेवा.