रोडिओ खेळातून रोजच्या कामातल्या अडचणींसाठी काही शिकता येतं का?

येतं, पण 'पडलात तर पुन्हा उठा' हे नव्हे. तेवढं शिकायला वळूवर कशाला बसायचं, सायकल पुरते.

मी ह्यूस्टनमध्ये सॉफ्टवेअरचं काम करतो. इथे दरवर्षी मार्चच्या सुमारास मोठा रोडिओ, म्हणजे काउबॉय लोकांच्या कसरतींच्या स्पर्धांचा मेळा, भरतो. टेक्सन सहकाऱ्यांच्या नादाने बघायला लागलो आणि सगळ्यात आवडली ती गुण द्यायची पद्धत. बुल रायडिंगमध्ये, म्हणजे उधळणाऱ्या वळूवर बसण्याच्या प्रकारात, एका हाताने दोर धरून 8 सेकंद टिकायचं. मोकळा हात वळूला लागला की खेळ संपला. टिकलात तर 100 पैकी गुण मिळतात. त्यातले 50 स्वाराचे आणि 50 वळूचे! म्हणजे गरीब वळूवर कितीही छान बसा, गुण बेताचेच. 2013 मध्ये टल्सा शहरात जे. बी. मॉनी या स्वाराला 95.25 गुण मिळाले, ते बुशवॅकर नावाच्या वळूवर. त्या वळूने त्याआधी सलग 42 वेळा स्वारांना खाली टाकलं होतं, मॉनीलाही अनेकदा. आमच्याकडे मात्र वर्षअखेरीच्या मूल्यमापनात सोपं काम वेळेत संपवणारा आणि सगळ्यांनी टाळलेली जुनी प्रणाली दुरुस्त करणारा एकाच मापाने मोजले जातात. त्यामुळे मी आता माझ्या अहवालात आधी वळूचं वर्णन करतो: काम हातात आलं तेव्हा काय अवस्थेत होतं, आधी कुणी हात लावला होता का. साहेबांना ते वाचावंच लागतं.

वळू उधळलाच नाही, तर पंच दुसऱ्या वळूवर बसायची संधी देऊ शकतात. पण ती घेतली की आधीचे गुण गेले. नोकरी बदलण्याच्या विचारात असाल तर हे ध्यानात असू द्या.

दुसरी गोष्ट उतरण्याची. बुल रायडिंगचा 1987 चा जगज्जेता लेन फ्रॉस्ट 30 जुलै 1989 रोजी शायेन शहरात 8 सेकंद पूर्ण करून उतरला. नंतर वळूने पाठीत धडक दिली आणि पंचविशीतच तो गेला. त्याचा मित्र कोडी लँबर्टने पुढे संरक्षक जाकीट तयार केलं, आज ते सर्रास दिसतं. स्वार उतरताना वळूचं लक्ष स्वतःकडे ओढून घ्यायला बुलफायटर असतात, ते वेगळेच. आमच्या कामात नवी आवृत्ती चालू झाली की टाळ्या वाजतात, लोक घरी जातात आणि तक्रारी त्यानंतर सुरू होतात. म्हणून ज्यांनी ते काम केलेलं नाही, असे दोघेजण आम्ही पुढच्या काही तासांसाठी आधीच ठरवून ठेवतो. दमलेल्या माणसाने आपलीच चूक शोधावी ही अपेक्षा चुकीची आहे.

एक गोष्ट मात्र उचलू नका. या स्वारांना सहसा पगार नसतो, प्रवेश फी खिशातून भरायची, मग कमाई बक्षिसाची. म्हणून मोडलेल्या हाडांनिशीही काही जण मैदानात उतरतात. महिन्याचा पगार घेणाऱ्याने तापात लॅपटॉप उघडून त्यांच्याशी बरोबरी करू नये.