खातरजमा म्हणजे पडताळणी नव्हे

सोलापूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या चर्चमध्ये पाळकसाहेब ‘पापक्षमेची खात्री’ म्हणतात, घरी आजी मात्र ‘पापक्षमेची खातरजमा’ म्हणायच्या. खातरजमा तर कागदपत्रांची करतात, मग आजींचा शब्द चुकला का?

अजिबात नाही. चुकतोय आपण. ‘माहितीची खातरजमा करावी’, ‘पोलिसांनी खातरजमा केली’ हे रोज वाचून खातरजमा म्हणजे पडताळणी असं डोक्यात पक्कं बसलंय. पडताळणीला पडताळणी म्हणा की! एवढा हळवा शब्द शिक्के मारायच्या कामाला का जुंपायचा?

‘खातर’ म्हणजे अरबी ‘खातिर’, अर्थ मन. ‘माझ्याखातर एवढं कर’ यातला खातर हाच, आणि ‘खात्री’ही त्याच घरची. ‘जमा’ म्हटलं की आपल्याला बँक आठवते, पण मुळात ते गोळा होणं. जमाव, जमात, शुक्रवारचा जुम्मा ही सगळी त्याच धातूची पोरं. तेव्हा खातरजमा म्हणजे गोळा झालेलं, ठिकाणावर आलेलं मन. आता याच्या समोर ‘परेशान’ ठेवून बघा. फारसीत त्याचा मूळ अर्थ विखुरलेला, विस्कटलेला. चार दिशांना पांगलेलं मन ते परेशान, आणि एका जागी आलं की खातरजमा. ही जोडी पहिल्यांदा ध्यानात आली त्या रात्री मला झोप नव्हती.

अजून पुढे आहे. लढाया आणि दुष्काळात रयत गाव सोडून परागंदा व्हायची. ‘परागंदा’ हाही फारसी, अर्थ पांगलेला. मग सरकारातून कौल जायचा, की खातरजमा ठेवून परत या, जमीन कसा. कौल म्हणजे बोललेला शब्द, दिलेलं वचन. भीती आधी जायची आणि मग माणूस गावात यायचा, असं नव्हतं. शब्द आधी यायचा, त्या शब्दाच्या भरवशावर तो बैल घेऊन निघायचा. आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांत हा शब्द रुजला तो या कौलाच्याच वाटेनं, असं माझं ठाम मत आहे. बायबलमधल्या योहानाच्या पहिल्या पत्रात बघा (1:9): ‘जर आपण आपली पापे पदरी घेतली, तर तो विश्वसनीय व न्यायी आहे म्हणून आपल्या पापांची क्षमा करील.’ वाक्याचा सगळा भार ‘तो विश्वसनीय आहे’ यावर आहे. मला आज हलकं वाटतंय की नाही, याची तिथे चौकशीच नाही. आणि ‘पदरी घेणे’! मूळ ग्रीक क्रियापद ‘तेच म्हणणे’, म्हणजे कबूल करणे असं आहे. मराठीनं त्याला पदर दिला. हातमागाच्या या गावात तरी तो वाचताना थांबावं.

शुद्धिवादी मंडळी म्हणतात, अरबी कशाला, ‘आश्वासन’ वापरा. त्या शब्दात श्वास आहे, गुदमरलेल्याला पुन्हा श्वास घेऊ देणं आहे, हे मला मान्य. पण आज सोलापुरात ‘आश्वासन’ उच्चारा, ऐकणाऱ्याला आधी नळाचं पाणी आणि निवडणूक आठवेल. निव्वळ संस्कृत आहे म्हणून तो शब्द पापक्षमेला लावा, हा आग्रह धरणाऱ्यांनी शब्दकोशाबाहेर पडून एकदा चौकात कान द्यावा.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये झाला. पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी उमगलं. धर्म खरा आहे ही खात्री आधीपासून होती. खातरजमा व्हायला आठ वर्षं गेली.

पाळकसाहेबांचंही बरोबरच आहे. इब्री लोकांस पत्रात विश्वासाची व्याख्या करताना (11:1) ‘खातरी’ हाच शब्द मराठीत आलाय. पण ताई, एक सांगा. आजी ‘खातरजमा केली’ म्हणायच्या की ‘खातरजमा झाली’? ‘झाली’ म्हणत असतील तर त्या जुन्या अर्थानंच बोलत होत्या. घरात कुणाला आठवत असेल तर विचारून मला जरूर कळवा.