बांधकामाचा अनुभव नसताना परदेशात घरं बांधायला स्वयंसेवक म्हणून जावं का?

तुम्ही लिहिलंय की बेळगावात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहात, परीक्षा संपली की परदेशात जाऊन गरजू कुटुंबांच्या घरांना हात लावायचा आहे, पण आजवर कधी थापी धरलेली नाही. जावं का, खर्च कोण करतं आणि आपला खरंच उपयोग होतो का, असे तुमचे तीन प्रश्न.

जा. फक्त घर तुम्ही बांधणार नाही, हे आत्ताच मनाशी पक्कं करा. घर तिथला गवंडी बांधतो, तुम्ही त्याच्या हाताखालचे बिगारी. एवढं मान्य असेल तर तुमचा उपयोग नक्की होतो.

मी निपाणीकडचा. वडील गवंडी होते, मी बेळगावात साइट सुपरवायझर आहे. 2017 च्या नोव्हेंबरात अकरा दिवस नेपाळमध्ये, नुवाकोट जिल्ह्यातल्या एका गावात होतो. 25 एप्रिल 2015 ला तिथं 7.8 तीव्रतेचा भूकंप झाला. जवळपास 9 हजार माणसं गेली, सुमारे 5 लाख घरं पडली. पडलेली बहुतेक घरं मातीत रचलेल्या दगडांची होती, 1993 ला किल्लारीला पडली तसलीच. भिंत दिसायला जाडजूड, पण बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा आणि मध्ये चिपा नि माती. हादरा बसला की दोन्ही थर फाकतात आणि वरचं सगळं अंगावर येतं. म्हणून नव्या घरात ठरावीक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घालायचा, आणि खिडकीखाली, लिंटेलला म्हणजे दार-खिडकीच्या वर, आणि छपराखाली असे आडवे पट्टे बांधायचे.

सरकार एका घराला 3 लाख नेपाळी रुपये देत होतं, म्हणजे आपले 1 लाख 87 हजारांच्या आसपास, आणि तेही तीन हप्त्यांत. पाया झाला की इंजिनिअर येऊन बघणार, मग दुसरा हप्ता. भिंती झाल्या की परत बघणार, मग तिसरा. काम नियमात बसलं नाही तर हप्ता अडकला.

आमच्या आठ जणांच्या गटानं तिसऱ्या दिवशी एक कोपरा रचला. सगळे खूश होते. संध्याकाळी पाण्याची बाटली राहिली म्हणून मी परत गेलो, तर तिथला मिस्त्री ओळंबा, म्हणजे भिंत सरळ आहे का ते बघायची वजन लावलेली दोरी, धरून उभा, आणि आमचे वरचे तीन थर उतरवून खाली मांडलेले. आरपार दगड आम्ही घातलेच नव्हते, आणि कोपरा बाहेर कलला होता. तो आम्हाला एका शब्दानं बोलला नव्हता. पाहुण्यांना काय बोलायचं म्हणून गप्प राहिला आणि आमच्यामागे दिव्याच्या उजेडात काम करत बसला. मला फार लागलं ते. तो कोपरा तसाच राहिला असता आणि इंजिनिअरनं नापास केला असता, तर ज्या बाईचं ते घर होतं तिचा हप्ता आमच्या हौसेपायी थांबला असता.

दुसऱ्या दिवशी मी त्यालाच विचारलं, आम्ही काय करू? नेपाळीत गवंड्याला डकर्मी म्हणतात आणि दगडाला ढुंगा. आपला धोंडाच म्हणा की. त्यानं सांगितलं, पडक्या घराचे ढुंगे निवडून लावा. लांब एकीकडे, कोपऱ्याचे एकीकडे, चिपा एकीकडे. पाणी भरा, माती मळा. गटाच्या आयोजकांना ते तितकंसं रुचलं नाही, त्यांना भिंत रचतानाचे फोटो हवे होते. पण त्या दिवसापासून मिस्त्रीला दगड शोधायला खाली उतरावं लागलं नाही, आणि भिंत आमच्या डोळ्यांदेखत चढायला लागली.

खर्चाचं म्हणाल तर बहुतेक ठिकाणी तो स्वयंसेवकानंच करायचा असतो. प्रवास, राहणं-जेवण, विमा, आणि वर बांधकामासाठी देणगी. पैसे देऊन राबायचं कशाला, असं घरचे विचारतील. माझ्याही मामांनी विचारलं होतं. म्हणूनच पैसे भरण्याआधी संस्थेला खोदून विचारा. माझ्या पैशातून तिथल्या गवंड्याला मजुरी जाते का? जागेचा कागद कुटुंबाच्या नावावर आहे का? आम्ही गेल्यावर अर्धं राहिलेलं काम कोण पुरं करतं? तिन्हींची सरळ उत्तरं आली नाहीत तर तिथं जाऊ नका. या क्षेत्रातली सर्वांत माहितीतली संस्था हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी. 1976 ला अमेरिकेत जॉर्जिया राज्यात सुरू झाली. कुटुंबानं स्वतःही घरासाठी घाम गाळायचा, ही त्यांची रीत. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर 2006 मध्ये वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी लोणावळ्याजवळ मळवलीला येऊन त्यांच्यासोबत घरं बांधायला उभे राहिले होते. पण नाव मोठं असलं तरी हे तीन प्रश्न त्यांनाही विचाराच.

दुसरी बाजू मला 2019 च्या ऑगस्टमध्ये कळली. वेदगंगा नदीचं पाणी निपाणीजवळ यमगर्णीला हायवेवर आलं त्या वेळी नदीकाठच्या गावात माझ्या मावशीचं भेंड्यांचं, म्हणजे कच्च्या मातीच्या विटांचं घर बसलं. भिंती भिजल्या आणि दोन दिवसांत चिखल झाला. बाहेरून बरीच मुलं मदतीला आली, चांगल्या मनानं आली, कपड्यांचे ढीग लागले. पण मावशी आजही आठवण काढते ती एकाच मुलीची. पूर्ण पडलेल्या घराला सरकारनं 5 लाख जाहीर केले होते. अर्ज कन्नडमध्ये, मावशीला कन्नड बोलता येतं, लिहिता येत नाही. उताऱ्यावर अजून सासऱ्यांचंच नाव. ही बेळगावची कॉलेजची मुलगी, दोन्ही भाषा येणारी, चार दिवस समाजमंदिरात बसून गावाचे अर्ज भरत होती. तलाठ्याकडं दोनदा मावशीबरोबर गेली. तिनं एक वीट उचलली नाही, पण मावशीचं घर उभं राहिलं त्यात तिचा वाटा मोठा आहे. तुम्हीही बेळगावचे, म्हणजे दोन-तीन भाषा सहज येत असतील. अर्ज, नकाशे, मोजमाप, मालाचा हिशोब ही कामं तुम्ही कदाचित भिंतीपेक्षा चांगली कराल. तिथं गेल्यावर तशी तयारी आहे म्हणून सांगा.

पहिल्यांदा जाताय तर नेपाळच बघा. आपल्याला व्हिसा लागत नाही, पासपोर्ट नसेल तर मतदार ओळखपत्र चालतं, आणि लिपी देवनागरी असल्यानं पाट्या वाचता येतात. मी गोवा एक्सप्रेसनं दिल्लीला, तिथून गोरखपूर आणि सुनौलीहून सीमा ओलांडून गेलो होतो. वेळ लागतो, पण पैसे बरेच वाचतात. दुसऱ्या देशात जाणार असाल तर पर्यटक व्हिसावर असलं काम चालतं का, ते आधी त्यांच्या वकिलातीकडून लेखी घ्या. जाण्याआधी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, जाड तळाचे बूट आणि हातमोजे घरूनच न्या. सिमेंटनं बोटांची सालं निघतात.

एक मात्र सांगतो, परीक्षा संपल्या संपल्या जाऊ नका. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तिकडं पाऊस, डोंगरात दरडी कोसळतात. मग दसैं आणि तिहार, म्हणजे आपला दसरा-दिवाळी, तेव्हा मिस्त्रीच सुट्टीवर असतात. कामाला खरा जोर येतो नोव्हेंबरच्या मध्यापासून. तोवर चार-पाच महिने हातात आहेत. घराजवळ जी साइट चालू असेल तिथल्या गवंड्याला भेटा, रविवारी पाटी टाकायला येतो म्हणा. ओळंबा कसा धरतात, लेव्हलच्या पाइपात पाणी कसं बघतात, सिमेंट-वाळूचा माल किती पातळ असावा, हे तो शिकवेल. पहिले दोन रविवार तो तुम्हाला नुसती वाळू चाळायला लावेल. चाळा.