नाथसागरातून पाणी उचलून विमानांनी मराठवाड्यातले वणवे विझवता येतील का?

तुमचा प्रश्न असा आहे: युरोपात पिवळी-तांबडी विमानं तळ्यातून पाणी भरून घेतात आणि वणव्यावर ओततात. आपल्याकडे जायकवाडीसारखं एवढं मोठं धरण आहे, त्याचा नाथसागर जलाशय आहे, मग गौताळा अभयारण्य किंवा किनवटचं जंगल पेटलं की आपण तसं का करत नाही?

माझं गाव कन्नड तालुक्यात, गौताळ्याच्या पायथ्याशी. नोकरी संभाजीनगरला, पण फेब्रुवारी ते मे या दिवसांत गावातल्या पोरांचा फोन आला की मी वणवा विझवायला निघतो. आणि तुम्ही म्हणता ती विमानं मी एकदा डोळ्यांनी पाहिली आहेत, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

कंपनीच्या कामासाठी तीन आठवडे फ्रान्समध्ये, मार्सेलजवळ होतो. ऑगस्ट महिना, भणभणतं वारं, आणि गावामागच्या पाइनच्या टेकडीवर धूर. समुद्रात पोहणाऱ्यांना बोटीने बाजूला केलं गेलं आणि डोंगराच्या खांद्यावरून दोन विमानं एकामागे एक खाली आली. पाण्याला पोट लावलं, पण थांबली नाहीत. मागे पांढरी रेघ ओढत तशीच पुढे गेली आणि उठली. मी मनात बारापर्यंत मोजलं होतं. बारा मोजेस्तोवर एकेका विमानात सहा हजार लिटर पाणी चढलं होतं. आपल्याकडे टँकर भरायला किती वेळ लागतो, हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. माझे डोळे भरून आले होते, खरंच सांगतो.

ते विमान कॅनडाचं, कॅनडेअर सीएल-415. फ्रान्सकडे अशी बारा आहेत आणि वायरलेसवर त्यांना ‘पेलिकान’ म्हणून हाक मारतात. त्याचं पोट होडीसारखं असतं. पाण्याला टेकल्यावर पोटाखालची दोन छोटी तोंडं उघडतात, प्रत्येक साधारण हाताच्या पंजाएवढं. पंप वगैरे काही नाही. विमान ताशी सव्वाशे-दीडशे किलोमीटरने पळत असतं, त्या वेगाच्या दाबानेच पाणी आत घुसतं आणि 6,137 लिटरची टाकी भरते. तोंड एवढं लहान असल्यामुळे, पोहणारा माणूस विमानात ओढला गेला आणि जंगलात सापडला ही जी गोष्ट फिरत असते, ती निव्वळ भाकडकथा आहे. वैमानिकाची कसोटी वेगळीच असते. त्या बारा सेकंदांत विमान सहा टनांनी जड होतं, आणि तेवढ्यात इंजिनांचा जोर वाढवत नाक सरळ ठेवून ते पुन्हा हवेत न्यायचं असतं. नंतर आगीवर साधारण तीस मीटर उंचीवरून टाकीची दारं उघडायची, पुन्हा पाण्याकडे वळायचं, आणि हे दिवसभर करत राहायचं.

याहून मोठीही आहेत. रशियाचं बेरिएव्ह बीई-200 बारा हजार लिटर नेतं. कॅनडातलं जुनं मार्टिन मार्स तर सत्तावीस हजार लिटर न्यायचं. ते मुळात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी नौदलासाठी बनलेलं. आता संग्रहालयात आहे.

आता आपल्याकडे या. बहुतेक लोक म्हणतात, इथे प्यायलाच पाणी नाही, आगीवर कुठून ओतणार? मला हे कारण पटत नाही. हिशोब करून बघा. शंभर फेऱ्या मारल्या तरी सहा लाख लिटर पाणी लागतं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पहिली पाण्याची रेल्वे आली, तिच्यात पाच लाख लिटर होतं. म्हणजे जवळपास तेवढंच. तहानलेल्या शहराला ते लाखमोलाचं, पण नाथसागराला काहीच नाही. शंभर चौरस किलोमीटर पाण्यावरून फक्त एक मिलिमीटर वाफ झाली तरी दहा कोटी लिटर जातात. तेव्हा पाण्याचा साठा ही अडचण नाही.

अडचण अंतराची आहे. ही विमानं कामाची ठरतात ती पाणी आगीच्या शेजारी असतं तेव्हा. मार्सेलला समुद्र पाच-सात किलोमीटरवर होता, विमान दहा मिनिटांत परत येत होतं. नाथसागराच्या पाण्यापासून गौताळा ऐंशी किलोमीटरच्या आसपास. ताशी सव्वातीनशेने उडालं तरी जायला पंधरा मिनिटं, यायला पंधरा. तासाला दोन फेऱ्या, बारा हजार लिटर. किनवटच्या सागाला तर नाथसागर फारच लांब. तिथे पैनगंगेवरचं इसापूर जवळ म्हणावं, पण तेही हाकेच्या अंतरावर नाही.

दुसरी गोष्ट, पाणी कसलं आहे. खाली उतरणं, भरणं आणि पुन्हा चढणं यासाठी सव्वा किलोमीटरहून जास्त मोकळी लांबी लागते आणि खोली निदान दोन मीटर. पावसाळ्यानंतर नाथसागर हे सगळं आरामात देईल. पण वणवे लागतात मार्च-एप्रिलमध्ये, आणि तेव्हाचा नाथसागर तुम्ही पाहिला असेल. पाणी मैलभर मागे सरकलेलं, काठाला गाळपेर, मधेच उघडे पडलेले खडक, बुडालेल्या गावांचे अवशेष. 2016 आणि 2019 च्या उन्हाळ्यात तर जिवंत साठा संपून मृतसाठ्यावर आलो होतो. जिथे खोल पाणी उरतं तिथे मासेमारांची जाळी आणि थर्माकोलचे तराफे. शिवाय हे पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात आलेले रोहित कधीकधी उन्हाळ्यापर्यंत थांबतात. पाण्याला पोट लावून पळणाऱ्या विमानासमोर हजार पक्ष्यांचा थवा उठला तर काय होईल, याची कल्पना मला करवत नाही. हे काम तसंही जिवावरचं आहे. 2023 च्या जुलैमध्ये ग्रीसच्या एव्हिया बेटावर पाणी टाकताना याच जातीचं जुनं विमान, सीएल-215, कोसळलं आणि दोन्ही वैमानिक गेले.

पण सगळ्यात महत्त्वाचं कारण आगीच्या जातीत आहे, आणि ते वणव्यात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. तिकडे पाइनमध्ये राळ असते. झाड शेंड्यापर्यंत पेटतं, ज्वाळा झाडाच्याही वर जातात, माणूस जवळ जाऊच शकत नाही. तिथे वरून पाणी मारून आगीचा जोर मोडावा लागतो. आपला वणवा जमिनीवरून पळतो. सागाचा, धावड्याचा, सालईचा पाला फेब्रुवारीतच गळालेला असतो, त्यात वाळलेलं कुसळ. ही आग बहुतेक वेळा गुडघ्याएवढी, दाट गवतात छातीएवढी. माणूस तिला मारू शकतो, फक्त वेळेवर पोचला पाहिजे. वारं असेल तर गवताचा अख्खा उतार तासाभरात काळा होतो. दूरच्या तळावरून विमान निघून नाथसागरात पाणी भरून येईपर्यंत विझवायला काही उरलेलं नसतं. त्यात आमच्याकडचे निम्मे वणवे संध्याकाळनंतर दिसतात, आणि ही विमानं सहसा रात्री पाणी भरायला उतरत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये रात्री नऊला फोन आला. कोणीतरी बांध पेटवून दिला होता, वारं फिरलं आणि आग वनात शिरली. आम्ही चौदा जण होतो, वनरक्षक आणि दोन वनमजूर धरून. दोन ब्लोअर, म्हणजे हवेच्या झोताने पाला उडवणारी यंत्रं होती, बाकी सगळ्यांच्या हातात निरगुडीच्या ओल्या फांद्या. आमच्यातले एक म्हातारे काका, ज्यांचं आयुष्य या डोंगरात गुरं चारण्यात गेलं, ते एकच सांगत होते, “लेकरांनो, आगीच्या तोंडी उभं राहू नगा. कडेकडेनं या, मागून मारा.” ब्लोअरवाला पुढचा पाला जळलेल्या बाजूला उडवायचा, मागचे फांदीने झोडायचे, त्यांच्या मागचे धुमसणारी लाकडं ओढून राखेत ढकलायचे. पहाटे तीनला जुन्या जाळरेषेपाशी, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून गवत-पाला काढून ठेवलेल्या पट्ट्यापाशी, आग थांबली. तीच रेषा त्या वर्षी साफ केलेली होती. तिच्या पलीकडची, जिथे साफसफाई झाली नव्हती, ती टेकडी आदल्या आठवड्यात पूर्ण गेली होती. राखेत टिटवीची अंडी फुटलेली पाहिली, ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

आणि हेही लक्षात घ्या, तिकडेसुद्धा विमान आग विझवत नाही. ते आगीला दमवतं. मागून जमिनीवरची माणसं जाऊन निखारे विझवतात, नाहीतर तासाभरात पुन्हा पेट घेते. आपल्याकडे ती जमिनीवरची माणसंच अपुरी आहेत. एका वनरक्षकाकडे हजारभर हेक्टर, हंगामी वणवा मजूर थोडे, काहींच्या पायात चपला.

वरून पाणी टाकणं आपल्याला अगदी निरुपयोगी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. अजिंठा डोंगररांगेत असे कडे आहेत जिथे माणूस रात्री चढूच शकत नाही. तिथे हेलिकॉप्टर हवं. वायुसेना हे काम करते. 2022 च्या मार्चमध्ये राजस्थानातल्या सरिस्कात सिलीसेढ तलावातून आणि 2024 च्या एप्रिलमध्ये नैनितालला भीमतालमधून एमआय-17 ने बादलीने पाणी उचललं. दोरीला लटकवलेल्या त्या बांबी बादलीत साडेतीन हजार लिटर बसतं. तिला सव्वा किलोमीटरची धाव लागत नाही. शिवना-टाकळीसारख्या जवळच्या मध्यम प्रकल्पातून ती भरता येईल, खोल पाझर तलावही चालेल. आजूबाजूच्या धरणांत कुठे किती खोल पाणी आहे, वर विजेच्या तारा कुठे आहेत, याची यादी दर जानेवारीत तयार ठेवली तर वेळ आल्यावर शोधाशोध होणार नाही. याला फारसा खर्चही नाही.

पाणी उचलणाऱ्या एका नव्या विमानाला मात्र चारशे कोटींच्या पुढे पैसे पडतात, वर वैमानिक, दुरुस्ती, तळ. देशाने हिमालयासाठी असा ताफा घ्यावा का, यावर जरूर विचार व्हावा. तिथे चीडची, म्हणजे तिकडच्या पाइनची राळ आहे आणि गावं आगीच्या तोंडावर आहेत. पण मराठवाड्यासाठी माझ्या हातात पैसे दिले तर मी आधी प्रत्येक बीटला, म्हणजे एकेका वनरक्षकाच्या हद्दीला, चार ब्लोअर, मजुरांना बूट आणि पंधरा फेब्रुवारीच्या आत पूर्ण झालेल्या जाळरेषा घेईन. बांध पेटवणाऱ्यांशी, मोहाची फुलं वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळणाऱ्यांशी बसून बोलेन. आमच्याकडच्या आगी बहुतेक माणसाच्या हातूनच लागतात. ‘गवत जाळलं की नवं जोमानं येतं’ हा समज तर घरोघरी आहे.

धूर दिसला तर वनविभागाच्या 1926 क्रमांकावर फोन करा आणि जवळच्या ठिकाणाचं नाव नीट सांगा. ‘डोंगरावर आग आहे’ एवढ्याने कोणाला काही कळत नाही. आणि कन्नड-चाळीसगावच्या बाजूला असाल तर जानेवारीत कळवा. तेव्हा पहाट गार असते, कुसळ वाळलेलं असतं, आणि दहा माणसं दिवसभरात अर्धा किलोमीटर तरी पट्टा साफ करतात. विळे आमच्याकडे आहेत, पायात बूट तेवढे घालून या.