‘फिअर्ड डेड’ म्हणजे घाबरून मेले नव्हे

लेकरा,

तुझी वही मिळाली. ‘फिफ्टी फिअर्ड डेड’ या मथळ्याचं भाषांतर तू ‘पन्नास जण घाबरून मेले’ असं केलंस, वर्गात हशा झाला आणि तू दोन दिवस क्लास बुडवलास, हे तुझ्या आईनं सांगितलं. तू शब्द बरोबर ओळखलास. भिणारा कोण, एवढंच चुकलं. तिथं भ्यालेले आहेत ते बातमी देणारे, वाट बघणारे, आपण सगळे. आपल्या पेपरातही ‘पन्नास जण दगावल्याची भीती’ असंच छापतात, आणि ते वाचताना तू कधी अडला नाहीस.

मला हा ‘फिअर’ शब्द कळला तो १९९३ साली. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपले होते. ३० सप्टेंबरच्या पहाटे, चारला काही मिनिटं कमी असताना, किल्लारीकडची जमीन हलली. आपल्याकडची घरं दगडामातीच्या जाड भिंतींची, वर मातीचं माळवद. झोपलेल्या माणसांवर तेच आलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली.

लातुरातलं आमचं घर उभं राहिलं, तरी आम्ही दिवाळीपर्यंत अंगणातच झोपलो. आई आत भाकरी थापायची आणि शेवटची भाकरी तव्यावरून उतरली की टोपलं घेऊन लगेच बाहेर यायची. रात्री कूस बदलताना कुणाची बाज करकरली तरी सगळे उठून बसायचे.

हे इंग्रजीत कसं सांगशील? ‘वी स्लेप्ट आउटसाइड फॉर फिअर ऑफ अनदर क्वेक.’ ‘फॉर फिअर ऑफ’ म्हणजे ‘परत होईल या धास्तीनं’. आणि आईबद्दल? ती स्वतःच्या जिवाला भीत नव्हती. ‘शी फिअर्ड फॉर अस.’ इथं ‘फॉर’ गाळलास तर आई आम्हालाच भ्यायची असा अर्थ होईल. ‘फॉर’ असला की काळजी, नसला की धाक. या एका जागी चांगली चांगली पोरं घसरतात, म्हणून हे वाक्य दहा वेळा मोठ्यानं म्हण.

शब्दाचं मूळ पुढे वाचनात आलं तेव्हा मला ती पहाटच आठवली. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ अचानक कोसळणारं संकट असा होता. जर्मनमधला त्याचा भाऊबंद ‘गेफार’ आजही धोका याच अर्थानं चालतो. इंग्रजीत मात्र शब्द बाहेरच्या संकटावरून हळूहळू आतल्या भीतीवर सरकला. आमच्या घरीही तसंच झालं: हादरा क्षणात थांबला, अंगणातल्या बाजा दीड महिना हलल्या नाहीत.

बोलताना हा शब्द जपून वापर. ‘आय फिअर डॉग्ज’ व्याकरणात बसतं, पण पुस्तकी वाटतं. बोलण्यात ‘आय ॲम अफ्रेड ऑफ डॉग्ज’ किंवा ‘स्केअर्ड’. आपल्याकडे सर्रास ‘अफ्रेड फ्रॉम’ म्हणतात, कारण हिंदीतला ‘से’ डोक्यात असतो. तू मराठीवर भरवसा ठेव: कुत्र्याची भीती, त्यातला ‘ची’ म्हणजे ‘ऑफ’. ‘भीती वाटतेय’वरून ‘आय ॲम फिअरिंग’ मात्र करू नकोस.

बँकेत कुणी ‘आय ॲम अफ्रेड द मॅनेजर इज आउट’ म्हणालं तर तो माणूस घाबरलेला नसतो. आपण ‘साहेब नाहीत हो’ म्हणतो ना, त्यातला तो ‘हो’ आहे. नकार मऊ करतो. मुलाखतीत एखादं उत्तर आलं नाही तर नुसतं ‘आय डोन्ट नो’ तोंडावर टाकू नकोस, आधी ‘आय ॲम अफ्रेड’ लाव.

‘गॉड-फिअरिंग’ भेटलं तर ‘देवाला घाबरणारा’ लिहू नकोस. आपल्याकडे ‘पापभीरू’ हा नेमका शब्द आहे. त्यांच्या शब्दात देव आहे, आपल्या शब्दात पाप; माणूस तोच. मला तरी आपला शब्द जास्त आवडतो.

उच्चाराचं एक. ‘फळ’ म्हणताना ओठ मिटून उघडतात. ‘फिअर’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे आणि वारा सोडायचा. ओठांसमोर कागदाचा कपटा धरून बघ. ‘फळ’ला तो झटका खाईल, ‘फिअर’ला नुसता थरथरेल. आणि ‘फेअर’ करू नकोस, तो जत्रेचा शब्द.

उद्या क्लासला जा. आणि संध्याकाळी आज्जीजवळ बस. किल्लारीच्या भूकंपानंतर त्या किती दिवस बाहेर झोपल्या, घरात पहिल्यांदा कोण झोपायला गेलं, ते विचार. त्या सांगतील तसं त्यांच्याच बोलीत उतरवून घे, ‘भ्याव वाटायचं’ म्हणाल्या तर ‘भ्याव’च लिही. मग त्याचं इंग्रजी कर आणि रविवारी वही घेऊन ये. मी सकाळी घरीच आहे.

तुझे
सर