बालीत सोहळा, पण सही कुठे?

प्रश्न : ताई, मी फोंड्याची, तो मडगावचा. मी हिंदू, तो कॅथलिक. दोन्ही घरी माहीत आहे, नाराजी आहे, पण दारं बंद नाहीत. मात्र हॉल कुठला, आधी चर्च की आधी अंतरपाट, यावरून इतके वाद झालेत की आम्हीच कंटाळलो. आता कुणाला न सांगता बालीला जाऊन लग्न करावं, परत येऊन कळवावं, असं ठरवतोय. तिथलं लग्न इथे चालेल ना? तयारी काय करावी?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : बाली आधी बाजूला ठेव. इंडोनेशियात निव्वळ नोंदणीचं लग्न नसतं. ते धर्माच्या विधीने लागावं लागतं आणि त्यासाठी दोघांचा धर्म एकच दाखवावा लागतो. तुमच्यापैकी कोण बदलणार? पॅकेजवाले विकतात तो बहुतेकदा नुसता सोहळा असतो. वाळू, माड नि सूर्यास्तच हवा असेल तर आपला पाळोळ्याचा किनारा काय वाईट आहे गं?

लग्न कायद्यानेच परदेशी लागायला हवं असेल तर डेन्मार्कचा विचार कर. तिथे परदेशी जोडप्यांची लग्नं नगरपालिकेत लागतात, धर्म आड येत नाही. एरो नावाचं बेट तर त्यासाठीच प्रसिद्ध आहे. अर्ज तिथल्या कुटुंब कायदा कार्यालयाकडे आधी करायचा. त्यांचा लग्नाच्या परवानगीचा दाखला चार महिनेच चालतो, म्हणून व्हिसाच्या तारखा त्याच्याशी जुळवून घे. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. लग्नाच्या दाखल्यावर तिथेच अपॉस्टिल घे, म्हणजे कागद दुसऱ्या देशात चालावा यासाठीचा सरकारी शिक्का. तिथल्या भारतीय वकिलातीत लग्न लावू, असं कुणी सुचवलं तर लक्ष देऊ नकोस. १९६९च्या परदेशी विवाह कायद्याप्रमाणे नोटीस देण्याआधी दोघांपैकी एकाने तिथे तीस दिवस राहिलेलं असावं लागतं.

खरा घोळ कागदांत होतो. नोंदणी कार्यालयात नोकरी केल्यामुळे सांगते, गोव्यात जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरं आणि चर्चच्या वहीत तिसरं, हे रोजचंच. आपल्याकडे ॲफिडेव्हिट करून निभावतं. परदेशातला कारकून मात्र दोन नावं म्हणजे दोन माणसं समजतो. त्यात अविवाहित असल्याचा दाखला मागितला तर तो काढायचा, राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल. कार्यालयातल्या एका खिडकीवरून दुसरीकडे पाठवतात, त्यालाही दिवस लागतात.

आणि एक गोष्ट विमानात बसण्याआधी. आपल्याकडे गोव्यात वेगळा करार नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक होते, निम्मी-निम्मी. उद्या त्याच्या वाट्याला येणारं मडगावचं घर आणि तुझ्या वाट्याचं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, दोन्ही त्यात आलं. विकायचं झालं तर दोघांची सही लागते. हे नको असेल तर करार लग्नाआधीच वकिलाच्या मदतीने नोंदवून घ्यायचा. लग्न कुठेही लागो, नंतर पश्चात्ताप करून उपयोग नाही. नवरा सज्जन आहे म्हणून हा विषय टाळू नकोस.

माझं मत विचारशील तर सही गोव्यात करा, हनिमूनला हवं तिथे जा, सोहळाही तिथेच करा. सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोन वेळा जावं लागतं. आधी इच्छेची घोषणा, मग साधारण पंधरवड्याने साक्षीदारांसह दुसरी सही, त्यानंतर लग्न पक्कं. मधल्या दिवसांत नोटीस लागते. फोंड्यात नोटीस लागली की ती संध्याकाळपर्यंत मावशीच्या अंगणात पोचते, हे तुलाही ठाऊक आहे. म्हणजे गुपचूप हे होणारच नाही. पहिल्या सहीच्या आदल्या रात्री आईला स्वतःच सांगून टाक. हॉल नको, जेवणावळ नको, हेही त्याच वेळी सांग. तिचा राग बराचसा यादीतल्या पाहुण्यांमुळे असेल, असा माझा अंदाज.

या आठवड्यात मात्र दोघांचे जन्मदाखले काढून पासपोर्टशेजारी ठेव आणि अक्षर न् अक्षर जुळवून बघ. जुळलं नाही तर तिकिटं काढू नकोस.