रंगीत पट्टी कडेपर्यंत का पोहोचत नाही?

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या संकेतस्थळावर सगळा मजकूर ९६० पिक्सेल कमाल रुंदीच्या, मध्यभागी ठेवलेल्या डिव्हमध्ये (पानावरील चौकटीत) आहे. वरच्या रंगीत पट्टीला 'विड्थ' (रुंदी) १०० टक्के दिली, तरी ती या डिव्हच्या कडेलाच थांबते. म्हणून १०० टक्क्यांऐवजी १०० व्हीडब्ल्यू (खिडकीच्या रुंदीवर आधारित एकक) लिहून दोन्ही बाजूंना ऋण मार्जिन (बाहेरील मोकळी जागा) दिले. मोबाइलवर पट्टी नीट दिसते, परंतु वाचनालयातील संगणकावर पान आडवे सरकू लागते. चूक कोठे होत आहे? – एक वाचक, सातारा

उत्तर : सीएसएस या पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेत रुंदीची टक्केवारी पडद्याची नसून बाहेरील डिव्हची असते, त्यामुळे ९६० पिक्सेलचे १०० टक्के म्हणजे ९६० पिक्सेलच होतात. व्हीडब्ल्यू हे एकक ब्राउझरच्या खिडकीची रुंदी मोजते खरे, पण त्या मापात उभा स्क्रोलबारही धरला जातो. आपल्या संगणकाचा पडदा १३६६ पिक्सेलचा आणि स्क्रोलबार १७ पिक्सेलचा असल्यास पानाच्या वाट्याला १३४९ पिक्सेल येतात, पट्टी मात्र १३६६ पिक्सेल मागते. उजवीकडे बाहेर गेलेल्या भागामुळे पान आडवे सरकते. मोबाइलवर स्क्रोलबार बहुधा मजकुरावर तरंगतो आणि जागा अडवत नाही, म्हणून तेथे हा दोष दिसला नाही.

पट्टीच ९६० पिक्सेलच्या डिव्हमधून बाहेर काढावी, हा उपाय मला सर्वांत सरळ वाटतो. डिव्ह मुळातच उपलब्ध रुंदी व्यापतो, तेव्हा पट्टीला 'विड्थ' देण्याची गरजच उरत नाही. पट्टीतील वाचनालयाचे नाव खालच्या मजकुराच्या रेषेत हवे असल्यास पट्टीच्या आत ९६० पिक्सेल कमाल रुंदीचा आणखी एक डिव्ह ठेवून त्याचे डावे-उजवे मार्जिन 'ऑटो' करावे. यानंतरही चहूबाजूंनी बारीक पांढरी फट राहिली, तर ती ब्राउझरने 'बॉडी'ला (संपूर्ण पानाच्या चौकटीला) आपणहून दिलेल्या ८ पिक्सेल मार्जिनची असते. ते शून्य करावे.

'विड्थ' १०० टक्के तशीच ठेवून पट्टीला दोन्ही बाजूंनी २० पिक्सेल पॅडिंग (आतील मोकळी जागा) दिलेत, तर ते ४० पिक्सेल रुंदीवर वाढून पान पुन्हा सरकू लागेल, कारण पॅडिंग मूळ हिशेबात धरलेले नसते. 'बॉक्स-सायझिंग'ला 'बॉर्डर-बॉक्स' ही किंमत दिली की ते रुंदीतच सामावते. (नवशिक्यांचे निम्मे तास या एका ओळीअभावी वाया जातात, असे माझे मत झाले आहे.)

तयार थीममुळे पट्टी बाहेर काढता येत नसेल, तर त्या बाहेरील डिव्हची कमाल रुंदी काढून त्यालाच तीन स्तंभांची ग्रिड (रकान्यांची मांडणी) करावी : कडेचे दोन स्तंभ १ एफआर (उरलेल्या जागेचा एक वाटा) आणि मधला ९६० पिक्सेल किंवा १०० टक्के यांपैकी जे कमी असेल तेवढा. मजकूर मधल्या स्तंभात बसवावा आणि पट्टीच्या 'ग्रिड-कॉलम'ला १ ते उणे १ (पहिल्या रेषेपासून शेवटच्या रेषेपर्यंत) अशी मर्यादा द्यावी. यात व्हीडब्ल्यू कोठेही येत नसल्याने स्क्रोलबारचा प्रश्नच उद्भवत नाही.